सीडीवरचं कुंकू

सध्या मी ज्याच्या घरात आहे त्या सोमनाथच्या मुलीचं, प्रेरणाचं बारसं झालं ते साल दोन हजार चार. बारशाच्या घुगऱ्या भिजत घालायलासुद्धा टँकरचं पाणी वापरावं लागलं होतं, असं त्या घरात अजून सांगतात. त्याच साली औरंगपुऱ्यातल्या एका सीडी लायब्ररीत मला खोक्यातून बाहेर काढलं. मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. आता माझा ट्रे उघडत नाही आणि माझ्या पोटात एक सीडी अडकलेली आहे. डीव्हीडीलाही लोक सीडीच म्हणत, म्हणून मीही सीडीच म्हणतो. त्या एका सीडीची ही गोष्ट आहे.

मला कुठल्या कारखान्यात बनवलं ते मला नीट सांगता येणार नाही. जाग आली तेव्हा मी दुकानाच्या काउंटरवर होतो. दुकान मंदारभाऊंचं. ते तेव्हा तिशीचे असतील, अंगानं सडपातळ, बोलायला गोड. लोकांनी भाड्यानं नेलेली सीडी परत आली की ती माझ्यात घालून तपासायची, एवढंच माझं काम. माझा डोळा खाली असतो. सीडीची चकचकीत बाजू खाली जाते आणि मी ती खालून वाचतो. वरच्या बाजूला चित्र छापलेलं असतं, त्याच्याशी माझा काही संबंध नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मंदारभाऊ गिऱ्हाइकांना सांगत, "बाकीची मशीनं ओरखडा दिसला की अडतात. आमचा पठ्ठ्या सगळं वाचतो." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. तेव्हा मला वाटत होतं, माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात.

आता त्या चित्रपटाबद्दल सांगतो. मी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात बिडकीनच्या पुढं एका विहिरीवर 'सातवा टँकर' नावाच्या मराठी चित्रपटाचं चित्रीकरण झालं होतं. दुष्काळ खराच होता, त्यामुळं कंपनीला जमिनीला भेगा पाडाव्या लागल्या नाहीत. विहिरीत पाणी सोडणारा टँकर खरा होता आणि त्याचा ड्रायव्हर फकिरा, तोही खराच. हिरोला टँकरचं काम जमेना. जाड पाइप विहिरीत सोडायला गेला की पाइपच त्याला ओढून नेई. फकिरानं त्याला दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, आता तुम्हीच टँकरवर चढा आणि रोज जे ओरडता तेच ओरडा. फकिरा चढला आणि ओरडला, "आधी म्हाताऱ्यांचे हंडे! तरण्यांनी मागं सरा!" बाया हसल्या आणि मागं सरल्या. चार मिनिटांचा सीन झाला. शेवटी फकिरा पाइप गुंडाळतो, कॅमेऱ्याकडं बघून हसतो आणि निघून जातो.

त्याच डिसेंबरात फकिरा टँकरच्या चाकाला टेकून बसला तो उठलाच नाही. चित्रपट लागला फेब्रुवारीत. त्याची बायको चतुराबाई आणि मुलगा सोमनाथ पहिल्याच दिवशी गेले. विहीर आली, टँकर आला, पण फकिरा आला नाही. चित्रपट लांबतो म्हणून बरंच काही कापलं, असं नंतर पेपरात छापून आलं.

घरात फकिराचा एकच फोटो होता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा. चतुराबाई म्हणत, "त्या फोटूत ते कोंबडी चोरल्यावानी दिसत्यात. हसणारा माणूस व्हता तो." त्यांना फकिराचं हसणं एकदा बघायचं होतं. त्याचा आवाज ऐकायचा होता. बाकी त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

शहरातल्या तरुणांना 'सातवा टँकर' फार आवडला होता. त्यांचं एक चाहता मंडळ झालं आणि मंदारभाऊ त्याचे अध्यक्ष. रोज संध्याकाळी माझ्यापुढं मंडळ भरे. कापलेलं सगळं जोडून कंपनीनं पूर्ण चित्रपट सीडीवर काढावा, हा त्यांचा ध्यास. देवेश नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सगळ्यात उत्साही.

"तीन तास दहा मिनिटांचा आहे. पक्की खबर आहे," देवेश म्हणायचा.

"तुला खबर कुणी दिली? हिरोनं फोन केला का?" मंदारभाऊ विचारत.

"हिरोच्या मेकअपवाल्याच्या मावसभावानं."

"आन् त्याला कुणी दिली, त्याच्या कटिंगवाल्यानं?"

सगळे हसत. पण हसता हसता त्यांनी एक खरं काम केलं. प्रत्येकानं कंपनीला पोस्टकार्ड पाठवायचं ठरवलं. 'सातवा टँकर पूर्ण दाखवा,' एवढंच लिहायचं. पेपरात त्याची बातमी आली. ती वाचून सोमनाथ आईला घेऊन दुकानात आला. तो वाळूजला एका कंपनीत कामाला होता आणि पैठण रस्त्याला नव्यानं पडलेल्या प्लॉटिंगमध्ये दोन खोल्या बांधून राहत होता.

चतुराबाई पोस्टकार्ड हातात धरून उभ्या राहिल्या. "मला लिवता येत नाय. अंगठा चालंल का?"

"मावशी, अंगठा सहीपेक्षा भारी," देवेश म्हणाला. "कंपनी घाबरंल."

"घाबरू नगं म्हणावं. कापलेलं तेवढं जोडा, बास."

त्यांनी अंगठा उठवला. मग मंदारभाऊंना विचारलं, "त्यात हे असतील ना, बाबा?"

मंदारभाऊ काउंटरवरून पुढं वाकले. "फकिराकाका शंभर टक्के असणार, मावशी. माझा शब्द आहे."

मित्रांनो, तो शब्द त्यांनी कशाच्या जोरावर दिला, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण समोरची बाई आशेनं बघत होती आणि हो म्हणणं सोपं होतं.

कंपनीचं छापील उत्तर आलं. गाळलेली दृश्यं जोडून तेवीस मिनिटं वाढवलेला पूर्ण चित्रपट लवकरच सीडीवर येत आहे. ते पत्र मंदारभाऊंनी काचेला चिकटवलं. सीडी गणपतीत येणार होती, आली नाही. मग दसरा, मग दिवाळी. पुढचा गणपतीही गेला. चतुराबाई दर वेळी सोमनाथबरोबर येत आणि बाहेर चपला काढून दुकानात शिरत. मंदारभाऊ हसून म्हणत, "मावशी, हे देऊळ नाही."

"आसू दे," त्या म्हणत.

अखेर दोन हजार सहाच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवारी सीडी आली. शहरात आलेली पहिली प्रत मंदारभाऊंच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमनाथच्या घरी सगळ्या गल्लीनं मिळून ती बघायची, असं आधीच ठरलं होतं. लोडशेडिंगमुळं लाइट चारला येणार होते, म्हणून वेळ चारची.

शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मंदारभाऊंनी शटर अर्धं ओढलं आणि सीडी माझ्यात घातली. मी नेहमीसारखं मन लावून वाचलं. विहीर आली. टँकर आला. मग एकदम हिरो पाणी पिताना दिसला. मंदारभाऊंनी मागं घेतलं. पुन्हा तेच. पुढं नेलं, अगदी शेवटपर्यंत. तेवीस मिनिटं वाढवली होती, ती अशी: लग्नाचं आख्खं गाणं, हिरोची मारामारी, हिरॉइनचं एक स्वप्न, आणि चित्रीकरणाच्या गमतीजमती. फकिरा कुठंच नव्हता. मंदारभाऊंनी कव्हर उलटं केलं. मागं जोडलेल्या नऊ दृश्यांची यादी छापली होती. ती त्यांनी बोट ठेवून वाचली. मग कव्हर खणात टाकलं आणि सीडी साध्या कागदी पाकिटात घातली.

ते खुर्चीवर बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, आता ते जाऊन सांगतील. स्कूटरनं वीस मिनिटांचा रस्ता होता.

रविवारी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि सोमनाथच्या घरी नेलं. घर माणसांनी भरलं होतं. त्याच दिवशी सोमनाथच्या बायकोचं संक्रांतीचं हळदीकुंकूही होतं, त्यामुळं गल्लीतल्या बाया नटून आल्या होत्या. चतुराबाई आतल्या दारात उभ्या होत्या. फकिरा गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला पुढं येत नसत. त्यांनी तसं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यांना पुढं ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

लाइट यायला अवकाश होता. तेवढ्यात गल्लीतल्या साहेबरावांनी ठरलेला सत्कार उरकून घेतला. शाल, श्रीफळ, टोपी. "मंदारभाऊंनी आपल्या फकिराला परत आणलं," असं ते भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. मंदारभाऊंनी नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मान खाली घातली. सगळ्यांना तो नम्रपणा वाटला. मी टीव्हीशेजारी होतो. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

चार वाजले. लाइट आले. मंदारभाऊंनी पाकिटातून सीडी काढली, तेव्हा चतुराबाई दारातून पुढं आल्या. सुनेच्या ताटातला करंडा उचलून त्या म्हणाल्या, "जरा थांब, बाबा. घरात मालक येऊ लागलेत. तसंच कसं घ्यावं?" सीडीच्या चित्रावर टँकर होता. त्या टँकरवर त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, आणि निरांजन ओवाळलं. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. शेजारच्या पारूबाईंनी पदर तोंडाला लावला.

नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायचं नाही, ही आपल्याकडची रीत. सायकलला लावतात, मिक्सरला लावतात, टँकरच्या नव्या टायरलासुद्धा फकिरा लावायचा. चतुराबाईंनी तेच केलं. आणि कुंकू लावलं ते वरच्या बाजूला, चित्रावर. मी खालून वाचतो, हे तुम्हाला सांगितलंच आहे.

चित्रपट सुरू झाला. लग्नाचं गाणं लांबलं तेव्हा तरुण पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग विहीर आली. सोमनाथ म्हणाला, "आता. माय, आता बघ." टँकर आला आणि थांबला. आणि हिरो पाणी पिऊ लागला.

"कुठं गेले?" चतुराबाईंनी विचारलं.

"मंदारभाऊ, मागं घ्या," सोमनाथ म्हणाला. मंदारभाऊंनी मागं घेतलं. तीनदा घेतलं. मी तीनदा तेच दाखवलं, कारण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

सगळे मंदारभाऊंकडं बघत होते. त्यांच्या खांद्यावर अजून शाल होती. त्यांनी ट्रे उघडला, सीडी हातात घेतली आणि तो ठिपका बघितला.

"मावशी," ते म्हणाले, "इथंच चुकलं. कुंकवानं नेमका तेवढा भाग गेला."

"म्हंजी?"

"म्हणजे होता, तो खराब झाला. फार नाजूक असतं हे."

देवेश कोपऱ्यात होता. तो म्हणाला, "पण मंदारभाऊ, वरच्या बाजूला तर—"

"तू गप रे."

देवेश गप्प बसला. मित्रांनो, त्याला माहीत होतं. खोलीत खरं जाणणारे आम्ही तिघं होतो. एक बोलला तो खोटं बोलला, एक घाबरून थांबला, आणि मला तोंडच नव्हतं.

मंदारभाऊंनी रुमालानं कुंकू पुसलं आणि सीडी परत माझ्यात घातली. मग पारूबाईंचा आवाज आला. "चतुरे, तुझं कपाळ मोकळं झालेलं. तू कशाला कुंकवाला हात लावावा? दुसऱ्या कुणी लावलं असतं की."

चतुराबाई आपल्या बोटाकडं बघत राहिल्या. बोटाला कुंकू होतं. "माझ्याच बोटानं पुसलं त्यांला," असं म्हणून त्या आत गेल्या. बाहेर वाढवलेली मारामारी सुरू झाली होती. पोरं ती बघत राहिली.

जाताना मंदारभाऊ सोमनाथला म्हणाले, "प्लेअर राहू दे तुमच्याकडंच." सगळ्यांना तो मोठेपणा वाटला. मला कळलं की त्यांना मी दुकानात डोळ्यांपुढं नको होतो. सोमनाथ पुढं दोनदा औरंगपुऱ्यात जाऊन दुसरी प्रत मागून आला. "संपल्या, कंपनीनं छापणं बंद केलं," असं उत्तर मिळालं. मंडळातल्या इतरांनी नंतर कुठून कुठून प्रती मिळवून बघितल्या असतील. त्यांना खरं कळलंच असणार. पण त्यांना गाणं मिळालं होतं, मारामारी मिळाली होती. पैठण रस्त्यापर्यंत येऊन एका बाईला एवढंसं सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

त्या घरात मला खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. आधी माझ्यावर विणलेला रुमाल होता. मग घरात डिश आली, नंतर मोबाइल आले, आणि रुमाल पोळ्यांच्या डब्यात गेला. माझ्यावर धूळ बसली. पण मी बघत होतो. चतुराबाईंनी त्या दिवसापासून करंड्याला हात लावला नाही. देवापुढंही नाही. प्रेरणाच्या वाढदिवसाला ओवाळायची वेळ आली की त्या पिठाची परात घेऊन बसत. एकदा चार वर्षांची प्रेरणा पाटावर बसून म्हणाली, "आज्जी, तू लाव ना टिळा."

"माझा हात चांगला नाय, बाई," चतुराबाई म्हणाल्या.

शहर आमच्या खिडकीपर्यंत आलं, मग खिडकीच्या पुढं गेलं. बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनींची मोजणी सुरू झाली. ज्या विहिरीवर फकिरा ओरडला होता, ती बुजवून तिथं प्लॉट पाडले, असं सोमनाथनं एकदा जेवताना सांगितलं. चतुराबाईंनी घास खाली ठेवला. "म्हंजी तिथं बी नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या.

मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला. नळ कोरडे पडले. टँकर आठवड्यातून एकदा येऊ लागला आणि गल्लीत निळ्या ड्रमांची रांग लागली. ड्रम ओळखू यावेत म्हणून प्रत्येकावर नाव लिहीत. चौथीतली प्रेरणा खडूनं सगळ्यांची नावं लिहून देई. एके सकाळी चतुराबाई तिला म्हणाल्या, "आपलं नाव मला काढू दे. कसं काढायचं ते दाव."

"तुझं लिहू?"

"नाय. तुझ्या आज्याचं."

पहिला फ काढायला त्यांना अख्खी सकाळ लागली. टँकर यायला दुपार व्हायची, तोवर त्या ड्रमाशी बसून असत. उन्हाळा संपेपर्यंत त्यांना अक्षरं जोडता येऊ लागली. आणि एकदा वाचता येऊ लागल्यावर त्यांनी काही सोडलं नाही. दुधाची पिशवी, लाइटबिल, टँकरच्या मागचं 'पिण्याचे पाणी'. पारूबाई चिडवीत, "चतुरे, आता कलेक्टर व्हती काय?" त्या म्हणत, "व्हईन की. पैला तुझा ड्रम रांगंतनं काढीन."

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस प्रेरणानं माझी धूळ झटकून बटन दाबलं. ट्रे उघडला नाही.

"दुरुस्त करून आणू, आज्जी. बघू तरी, थोडंसं तरी दिसतं का."

चतुराबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मला गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. सात वर्षांनी मी औरंगपुऱ्यात आलो. दुकानाच्या पाटीवर आता मोबाइलचं चित्र होतं. मंदारभाऊंचे केस पांढरे व्हायला लागले होते. आम्हाला बघून ते उभे राहिले.

"मावशी, हे आता कुणी दुरुस्त करत नाही. पार्ट मिळत नाहीत."

"उघडून तर बघ. तोवर आमी बसतो."

ते स्क्रूड्रायव्हर शोधू लागले. काउंटरखाली जुन्या कव्हरांची पेटी होती, रद्दीत द्यायला काढलेली. चतुराबाई सवयीनं एकेक कव्हर उचलून, ओठ हलवत वाचू लागल्या. आणि त्यांच्या हाताला टँकरचं चित्र लागलं.

त्यांनी कव्हर उलटं केलं. "गा-ळ-लेली नऊ... दृश्यं," त्या मोठ्यानं वाचू लागल्या. मंदारभाऊंचा हात थांबला.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"ह्या पोरीनं शिकवलं. थांब जरा. एक, लग्नाचं गाणं. दोन, बाजारातली मारामारी..." त्या नऊपर्यंत गेल्या. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एकेका ओळीखाली बोट सरकवत. "प्रेरणा, तू वाच गं. माझं काय ऱ्हायलं का ते बघ."

प्रेरणानं भराभर वाचलं. "विहिरीचं काहीच नाही, आज्जी."

चतुराबाईंनी कव्हर काउंटरवर ठेवलं. "म्हंजी ते ह्यात नव्हतेच."

त्यांनी ते मंदारभाऊंपुढं सरकवलं.

"तू हे कवा वाचलंस?"

"आदल्या दिवशी," मंदारभाऊ म्हणाले. निदान तेवढं तरी खरं बोलले.

"म्हंजी नारळ घेतलास तवा तुला ठावं व्हतं."

"मावशी, सगळे एवढ्या आशेनं बसले होते. मी शब्द दिला होता. कसं सांगणार होतो? मला वाटलं, सीडी खराब झाली म्हटलं की तुम्हाला कमी दुःख होईल."

"माझं दुःख मी केलं असतं, बाबा. एक दिस रडले असते. तू ते माझ्या हातावर घातलंस." त्यांनी आपला उजवा हात काउंटरवर उताणा ठेवला. "सात वर्सं ह्या हातानं मी नातीला टिळा लावला नाय. गल्लीतली बाई मला म्हणती, तुझ्या कुंकवानं गेलं. मी बी तेच म्हणत व्हते. फकस्त तुला ठावं व्हतं."

मंदारभाऊंनी डोळे पुसले. "मी चुकलो. काय करू सांगा."

"रविवारी घरी ये. त्याच खोलीत. तीच माणसं बोलावते. त्यांच्यापुढं सांग. बास."

"येतो. चारला येतो. शब्द—"

"शब्द नगं देऊ. ये."

मला न उघडताच त्यांनी परत लुगड्यात बांधून दिलं. मित्रांनो, तुम्हाला सांगतो, त्या रिक्षात मी फार आनंदात होतो. मला वाटलं, फकिराला दाखवू शकलो नाही हा माझ्यावरचाही आळ सात वर्षांनी जाणार.

रविवारी चतुराबाईंनी मला ओल्या फडक्यानं पुसून टीव्हीशेजारी ठेवलं. पाणी नव्हतं तरी वीस कप चहा केला. साहेबराव आले, पारूबाई आल्या, गल्ली आली. चार वाजले. साडेचार झाले. सोमनाथनं फोन लावला, तो बंद होता. पाचला त्यानं पुन्हा लावला. साहेबराव म्हणाले, "कामात असेल. येईल कधीतरी." माणसं उठायला लागली.

तेव्हा चतुराबाई उभ्या राहिल्या. दुकानातून आणलेलं ते कव्हर त्यांनी कमरेला खोचलं होतं, ते काढलं.

"बसा. त्यो येणार नाय. मीच वाचते."

त्यांनी वाचलं. अक्षराला अक्षर जोडत, मध्ये अडत, नऊच्या नऊ. शेवटचं वाचून झाल्यावर पारूबाईंनी विचारलं, "नवव्यात बी नाय?"

"नाय. पैल्यापासनं नव्हते. मी काय पुसलं नाय."

पारूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देवळीतला करंडा आणला आणि चतुराबाईंपुढं धरला. चतुराबाईंनी आधी प्रेरणाच्या कपाळाला टिळा लावला. मग माझ्याकडं वळल्या आणि माझ्या पत्र्यावर एक बोट टेकवलं. "तुझा बी काय दोष नव्हता रे," त्या म्हणाल्या.

तो ठिपका माझ्या पाठीवर अजून आहे. प्रेरणा मला पुसते तेव्हा तेवढी जागा सोडून पुसते. मंदारभाऊ आलेच नाहीत. पुढं ते दुकान विकून गेले, कुठं ते कुणाला माहीत नाही. फकिराचा सीन कुठल्या गोदामात आहे की फेकला गेला, तेही कुणाला माहीत नाही. त्याचं हसणं चतुराबाईंना बघायला मिळालं नाही ते नाहीच.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र बंद पडलं तर त्याला थापडा मारू नका. त्याच्यात जे घातलं तेवढंच ते दाखवतं. त्याच्यावर फडकं फिरवा, कोरड्या जागी ठेवा. आणि घरातल्या एखाद्या माणसाच्या हातून काही बिघडलं असं चारचौघांत कुणी म्हणालं, आणि तसं झालेलं नाही हे तुम्हाला माहीत असलं, तर देवेशसारखं अर्ध्यात थांबू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

फकिरा अकरा डिसेंबर दोन हजार तीन रोजी वारला. चतुराबाई सतरा एप्रिल दोन हजार सोळा रोजी सकाळी वारल्या, टँकर येऊन गेल्यावर. त्यांचा ड्रम भरलेला होता आणि त्यावर त्यांच्या हातानं लिहिलेलं फकिराचं नाव होतं.